शनिवारचं चार्जिंग

पेणच्या एसटी स्टँडवर त्या रविवारी संध्याकाळी रोह्याची गाडी लागली होती आणि दारात कंडक्टर आडवा उभा होता. खाली एक उंच, टक्कल पडलेला माणूस काखेत चादरीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू धरून त्याची मनधरणी करत होता.

"काय आहे काय ते?" कंडक्टरने विचारलं.

"पंख हाय. विमानाचा."

"मग विमानानंच जा की! यष्टीत कशाला घुसवताय?"

बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून हसली. भाजीची पिशवी घेऊन घरी निघालेला शरद टिपणीसही हसला. पण त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू अर्ध्यावरच राहिलं. एवढा मोठा बाप्या, पन्नाशीला आलेला, शाळेत चुकलेल्या पोरासारखा लाजून उभा होता. शरद पुढे झाला.

"अहो, माझं घर इथून हाकेवर आहे. ठेवा तिथं. पुढच्या रविवारी घेऊन जा. चोरणार नाही मी, मास्तर आहे शाळेत."

त्या माणसाने त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि पंख त्याच्या हातात दिला. एवढ्या मोठ्या पंखाला वजन असं नव्हतंच.

एलिजा अष्टमकर आणि शरद टिपणीस यांची ओळख झाली ती अशी.

एलिजा रोह्याजवळ वरशाला राहायचा आणि धाटावच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होता. बेने इस्रायल माणूस, म्हणजे कोकणातला ज्यू. त्याच्या आज्याचा रोह्याशेजारच्या अष्टमी गावात तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवारतेली नाव ठेवलं होतं. एलिजाला त्या नावाचा कधी राग नाही आला. "आज्याने तेल काढलं, मी तेल जाळतो," असं तो म्हणायचा. त्याच्या विमानाच्या इंजिनात एरंडेल घातलेलं इंधन लागायचं, आणि त्याच्या शर्टाला, हातांना, जेवणाच्या डब्यालासुद्धा तो जळक्या एरंडेलाचा वास असायचा. हातातल्या रेडिओच्या पेटीवरून चालवायची ती छोटी विमानं तो स्वतः बांधायचा. उडवायचा मात्र पेणच्या बाजूला, धरमतरच्या रस्त्याला मिठागरांच्या पलीकडे एक कडक, सपाट माळ होता तिथं. रोह्याकडे अशी मोकळी जागा नव्हती.

त्या दिवशी त्याची स्कूटर वाटेत बंद पडली होती, म्हणून बस. नंतर स्कूटर सुधारली, पण पंख काही परत वरशाला गेला नाही. रोह्याहून पेणपर्यंत स्कूटरवर आणताना दर वेळी त्याला कुठेतरी तडा जायचा. मग धडही शरदच्या पडवीत आलं, मग इंधनाची बाटली, आणि शेवटी रेडिओची पेटीही आली. पेटी आली तिचं कारण शनिवार.

बायको शीरा आजारी पडली तेव्हापासून एलिजा शनिवार पाळायला लागला होता. शुक्रवारी दिवस बुडला की शनिवारचे तारे दिसेपर्यंत तो विजेच्या बटणाला हात लावत नसे. आणि उडवायचं असायचं रविवारी सकाळी. पेटीतली बॅटरी भरायला अख्खा दिवस जायचा. शुक्रवारी शिफ्टवरून येऊन लावावी तर ती शनिवार रात्रीपर्यंत चार्जरवर शिजून निघणार. शनिवारी रात्री लावावी तर सकाळपर्यंत पुरती भरणार नाही.

"हा चार्जर अडाणी हाय, मास्तर," त्याने शरदला समजावलं. "बॅटरी भरली तरी त्याला कळत नाय. देतच राहतो. म्हणून त्याच्यावर माणूस लागतो. सकाळी आंघोळीआधी लाव, रात्री जेवण झालं की काढ. मध्ये लाईट गेली तर तेवढा वेळ पुढे वाढव. अधूनमधून हात लावून बघ. कोमट लागली तर चालेल. चटका बसला तर लगेच काढायची."

"आणि घाईत लवकर काढली तर?"

"तर वर गेलेलं विमान माझं ऐकणार नाय."

"मग?"

"मग तू खाडीत उडी मारायची आणि घेऊन यायचं."

शरद इतिहास आणि मराठी शिकवायचा. विजेचा त्याचा संबंध फ्यूज बदलण्यापुरता. पण शनिवारची शाळा सकाळची, दुपार मोकळी, आणि घरात तो आणि त्याची थोरली बहीण आनंदीबाई अशी दोनच माणसं. तिला तो आक्का म्हणायचा. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती तिथलीच झाली, आणि शरदने लग्न केलं नाही. का नाही केलं, याला खास काही कारण नव्हतं. राहून गेलं. जमीनजुमल्याच्या वाटण्या होऊन टिपणिसांची बाकीची घरं ठाण्या-पुण्याला पांगली होती. शरदच्या आठवड्यात शाळा, वाचनालय आणि आक्काची औषधं याखेरीज काही नव्हतं. त्यात हा शनिवार आला. आपण भरलेल्या बॅटरीवर एक वस्तू आकाशात राहते, ही गोष्ट त्याला आतून फार आवडली. कुणाला सांगितली नाही, पण आवडली.

रविवारी सकाळी एलिजा यायचा, आक्काच्या हातचे पोहे खायचा, आणि दोघं स्कूटरवरून माळावर जायचे. शरद मागे बसून पंख सांभाळायचा. माळावर शेपूट धरून उभं राहायचं कामही त्याचंच. एलिजा इंजिन चालू करायचा, हाताने खूण करायचा, शरद शेपूट सोडायचा. मग विमान मिठागरांवरून, तिवरांवरून मोठी वळणं घेत राहायचं. पेटीवरचा काटा खाली यायला लागला की शरद ओरडायचा, "एलिजा, काटा!" आणि एलिजा विमान उतरवायचा. कधी दूर चिखलात उतरलं तर पँट दुमडून शरद ते आणायला जायचा. मिठागरावर काम करणारी रंभा डोक्यावरचं घमेलं उतरवून बघत राहायची आणि म्हणायची, "मास्तर, ह्या सायबानं तुमाला घोरा केलाय."

वर्षं गेली. दोघं निवृत्त झाले. विमानं पडली, नवी झाली. शरदचा हात बॅटरीवर असा बसला की वायर लावल्यावर तासाभरात नुसत्या स्पर्शाने त्याला कळायचं, ही आज नीट घेतेय की नाही.

मग शीरा गेली. तिच्या मातीला रोहा, पेण, अलिबाग, सगळीकडचे त्यांचे लोक आले, आणि तरी ते फार थोडे होते. एलिजा नंतर म्हणाला, "पूर्वी आमच्यात एक माणूस मेला की देवळाचं अंगण भरायचं. आता प्रार्थनेला दहा पुरुष जमवताना फोन करत बसावं लागतं." त्याच साली त्याच्या छातीत दुखलं. मुलगी लीया इस्रायलला अश्दोदला होती. ती धावत आली आणि तिने हट्टच धरला: पप्पांना एकटं ठेवायचं नाही.

जायच्या आधीच्या रविवारी दोघं माळावर गेले. एलिजाने त्या दिवशी विमान फार वेळ उडवलं नाही. पडवीत सगळं सामान नीट लावून झाल्यावर तो पायरीवर बसला.

"पुढच्या हिवाळ्यात येतोच मी. घर हाय इथं. तोवर एक कर, मास्तर. बॅटऱ्या मरू देऊ नकोस."

"आणि विमान?"

"विमानाचं काय, लाकूड हाय. ते वाट बघेल. बॅटरी वाट बघत नाय. पडून राहिली की मरते."

आक्काने त्याला वाटेसाठी भाजणीच्या चकल्यांचा डबा दिला. तो डबा हातात घेतल्यावर एलिजा रडला. शरद नाही रडला. हिवाळा काही लांब नव्हता.

पहिला पावसाळा शरदला महाग पडला. पेटी त्याने काळजीने पूर्ण भरून, जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवली होती. नवरात्रात काढली तर काटा जागचा हलेना. मागचं झाकण उघडलं तर सेलच्या तोंडावर हिरवट पांढरी भुकटी साठलेली.  पेटी पिशवीत घालून तो स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेल्या साहिलकडे गेला.

"मास्तर, हे भंगार झालं," साहिल म्हणाला.

"भंगार म्हणू नको. काय करता येईल ते सांग."

साहिल भला माणूस. त्याने मीटर लावून एकेक सेल तपासला. एकाही सेलने मान वर केली नाही. मग वायर कापून दाखवली. वरून लाल-काळं कव्हर ठणठणीत, आत तांबं कोळशासारखं काळं. "ही कीड पुढे सरकत जाते, मास्तर. नुसता सेल बदलून उपयोग नाही." त्याने नवे सेल मागवले, नव्या वायरीने जोडले, आणि पेटीच्या आतले पत्रे कापसाला व्हिनेगर लावून कसे पुसायचे ते शरदला दाखवलं.

फोनवर हे ऐकून एलिजा हसला. "कोकणातला पाऊस हाय तो. तुझा काय दोष? पण आता नुसतं भरून ठेवू नकोस. आठवड्यातून एकदा पेटी चालू कर, काटा लाल रेघेपर्यंत उतरू दे, मग पुन्हा पुरती भर. लालच्या खाली जाऊ देऊ नकोस मात्र. बसून राहावं लागेल."

शरद बसून राहिला. एरियल पूर्ण ओढून काढायची, पेटी चालू करायची, आणि काट्यावर नजर ठेवून खुर्चीत बसायचं. विमान पडवीत आढ्याला टांगलेलं. पेटी कुणाला तरी सांगत राहायची, आणि ऐकायला कुणी नसायचं.

"कुणाशी बोलतोयस रे त्या पेटीतून?" आक्का विचारायची.

"कुणाशी नाय. बॅटरी उतरवतोय."

"आधी चढवायची, मग उतरवायची. ह्यापेक्षा लग्न केलं असतंस तर बरं झालं असतं."

त्या हिवाळ्यात लीयाला दुसरं बाळ झालं, एलिजा आला नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर विमानंच बंद पडली, जगभरची. शनिवारी तिकडे तारे दिसले की एलिजाचा फोन यायचा. इकडे तेव्हा शरद पेटी चार्जरवरून काढून झोपायच्या तयारीत असायचा. आधी आधी एलिजाचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "बॅटऱ्या काय म्हणतात?" मग कधीतरी तो ते विचारायचा थांबला. कधी थांबला, ते शरदच्या लक्षात आलं नाही, कारण तो आपणहून सांगायचा. "आज छान घेतलीन हां. काटा टोकाला गेला." एलिजा म्हणायचा, "वा, वा." आणि तिकडच्या नातवंडांचं सांगायला लागायचा.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आक्का गेली. ताप आला, दम लागला, अलिबागला नेलं, आणि तिथून ती घरी आली नाही. शरदला तिचं तोंडही लांबून बघावं लागलं. एलिजाने फोन केला. "चकल्या," एवढंच तो म्हणाला.

त्या आठवड्यात घरात चूल पेटली नाही. शेजारून डबा यायचा, तो तसाच परत जायचा. शनिवारी सकाळी शरद उठला, आंघोळीआधी चार्जरची वायर पेटीला लावली आणि समोर बसला. दिवसभरात दोनदा लाईट गेली. त्याने तेवढा वेळ वाढवला. रात्री पेटी काढून झाकून ठेवली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याला झोप लागली. पुढे पुढे तर असं झालं, की शनिवार आला म्हणजे आठवडा गेला हे त्याला कळायचं. बाकीच्या दिवसांना काही धरबंधच उरला नव्हता.

मिठागराकडे तो क्वचित जायचा. रंभा भेटली की विचारायची, "मास्तर, तुमचा सोबती कवा येनार हाय?"

"येईल. ह्या हिवाळ्यात येईल."

"गेल्या साली पन ह्येच बोललाव."

आणि मग एका हिवाळ्यात लीयाचा फोन आलाच. "काका, आम्ही येतोय. वरशाच्या घराचं एकदा उरकून टाकायचं हाय." शरदने त्यातलं 'आम्ही येतोय' एवढंच ऐकलं.

त्याने घर झाडून घेतलं. पडवीतून विमान उतरवलं, कोळिष्टकं काढली, पंख ओल्या फडक्याने पुसला. विमानाच्या पोटातली लहान बॅटरीही बदलून घेतली होती, तीही भरली. शनिवारी तो दिवसभर घराबाहेर पडला नाही. रात्री पेटीचा काटा टोकाला जाऊन उभा राहिला तेव्हा त्याने ती टेबलावर मधोमध ठेवली. रविवारी सकाळी त्याने स्वतः पोहे केले. ते आक्कासारखे झाले नाहीत.

दारात गाडी थांबली. एलिजा उतरला. अंगाने भरला होता, गालांवर तांबूस रंग होता, डोक्याला पांढरी कॅप. त्याने शरदला मिठी मारली आणि सोडलंच नाही. "मास्तर, किती वाळलास रे. आक्का नाय म्हणून..." 

मग आत आल्यावर त्याची नजर टेबलावर गेली.

"अरे! ही पेटी अजून हाय?"

तो हसला. मनापासून, आनंदाने हसला. "मला वाटलं, तू कधीच कुणाला तरी देऊन टाकली असशील. असल्या बॅटऱ्या आता कोण वापरतो रे, मास्तर! तिकडे सगळं नवीन. एवढीशी बॅटरी, जेवून होईस्तोवर भरते, चार्जर आपला आपण बंद होतो."

"तिकडे?" शरद म्हणाला.

"तुम्हाला सांगितलं नाय पप्पांनी?" लीया म्हणाली. "ते क्लबात जातात ना, काका. दर शुक्रवारी सकाळी. हे बघा." तिने फोन पुढे केला. पिवळ्या गवताचं मोठं मैदान, कॅप घातलेले पाच-सहा म्हातारे, आणि मध्ये एलिजा, मान वर करून. छातीशी नवी काळी पेटी. विमान आवाज न करता वर चढत होतं. कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो हसला. शरदने तो व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. फोन परत देताना तो म्हणाला, "छान उडतंय गो." मग तो चहा टाकायला आत गेला आणि आधण उकळून अर्धं झालं तरी ओट्यापाशी उभा राहिला.

एलिजा त्याच्या मागे येऊन दारात थांबला.

"मास्तर, रागावलास?"

"नाही रे. किती वर्षं जातोस क्लबात?"

एलिजाने दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "पहिल्या वर्षापासून."

शरदने गॅस बंद केला. चहा ओतायचा तसाच राहिला.

"चल, माळावर जाऊ या," एलिजा म्हणाला. "उडवू या आपलं. चल ना."

शरदला आता जायचं नव्हतं. पण एलिजाने विमान उचललंसुद्धा. लीया वरशाला पुढे निघून गेली आणि दोघं रिक्षाने गेले, पंख शरदच्या मांडीवर.

माळ अर्धाच उरला होता. मधल्या एका पावसाळ्यात बांध फुटून खाडीचं पाणी आत आलं होतं, आणि जिथे विमान उतरायचं तिथे आता गुडघाभर तिवरं होती. तरी एक पट्टा कडक होता. एलिजाने पंख रबरांनी बांधला, इंधन भरलं आणि नाकावरच्या पंख्याला बोट लावलं. पंखा हलला नाही. त्याने फडकं गुंडाळून जोर लावला. पुन्हा लावला. इंजिन एखाद्या दगडासारखं घट्ट.

"काय झालं?" शरदने विचारलं.

"एरंडेल. आत सुकून बसलंय. डिंक झालाय त्याचा."

"मला माहीत नव्हतं."

"तुला कसं माहीत असणार? मी कुठे सांगितलं होतं? मी म्हटलं, विमान वाट बघेल." एलिजाने पंखावरचं कापड बोटाने दाबलं. ते सैल पडलं होतं, शिवणीशी उकललं होतं. हे कसल्याही इंजिनाने उडालं नसतं.

तो बराच वेळ विमानाशेजारी उकिडवा बसून राहिला. मग उगाच, हाताला चाळा म्हणून त्याने पेटीचं बटण दाबलं. काटा सरळ टोकाला जाऊन थांबला. त्याने पेटीवरची कांडी हलवली. विमानाच्या शेपटीची फळी चटकन डावीकडे वळली, चटकन उजवीकडे, अगदी पहिल्या दिवसासारखी. एलिजा काट्याकडे बघत राहिला. झाकण उघडून त्याने आत बघितलं. पत्रे चकचकीत, वायर नवी, कुठे भुकटीचा कण नाही.

"दर आठवड्याला उतरवत होतास?"

"तू सांगितलं होतंस ना."

"इतकी वर्षं?"

 खाडीत एक बार्ज जेटीकडे सरकत होती, तिच्याकडे बघत शरद उभा राहिला.

"क्लबाचं तुला सांगणार होतो," एलिजा म्हणाला. "पहिल्यांदा गेलो त्याच शनिवारच्या फोनला. पण तू बॅटऱ्यांचं सांगायला लागलास. इतका खुशीत होतास. मला वाटलं, सांगितलं तर तू समजशील, हा काय आता यायचा नाय."

"मग खरंच होतं ना ते?"

"व्हय," एलिजा म्हणाला. "खरंच होतं."

वारा खाडीवरून यायला लागला होता. एलिजाने एकदम पेटी त्याच्यापुढे धरली.

"एवढ्या वर्षांत तुझ्या हातात कधी दिली नाय रे मी. शेपूट धरायला लावलं तुला."

"मी मागितली नाही."

"मागायला कशाला पायजे होतंस? घे."

शरदने पेटी घेतली. शेकडो वेळा त्याने ती पुसली होती, भरली होती, उतरवली होती. पण कांडीवर अंगठे ठेवून, समोर विमान आहे असं ती त्याने कधी धरली नव्हती. त्याने उजवी कांडी थोडी दाबली. शेपूट हललं. डावीकडे केलं, डावीकडे गेलं. विमान जमिनीवर उभं होतं, आणि तो ते हलवत राहिला, आणि एलिजा त्याच्या शेजारी उभा राहून हळू आवाजात सांगत राहिला, "आता वळव. जास्त नको. आता सरळ कर. आता नाक थोडं वर." जसं काही ते वर होतं.

रंभा बांधावरून आली. केस सगळे पांढरे. तिने एलिजाला ओळखलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "आयलास रं सायबा! मंग उडत नाय काय?"

"नाय गो. इंजिन बसलंय."

"मंग उचला आनि चला. भरती लागलेय. ह्या वाटेवर पानी येताय आता."

दोघांनी विमान उचललं. एकाने पंख, एकाने धड. पाणी खरंच वाटेच्या कडेला लागलं होतं.

वरशाचं घर गेलं. जायच्या दिवशी एलिजा स्टेशनवर शरदचा हात हातात घेऊन उभा राहिला. 'पुन्हा येतो' असं तो या वेळी म्हणाला नाही, आणि शरदनेही विचारलं नाही. फोन मात्र चालू राहिले. आता एलिजा क्लबातलं सगळं मोकळेपणी सांगायचा, शरद ऐकायचा. बॅटऱ्यांचं शरद आपणहून काढत नसे. एकदा एलिजानेच विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "आहेत बऱ्या," आणि विषय बदलला. पण शनिवारी वायर लावणं त्याने सोडलं नाही. दुसरं काय करायचं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात लीयाचा फोन आला, शनिवार नसताना. फोन वाजल्यावरच शरदला कळलं. झोपेतच गेले, काका. काही त्रास झाला नाय. इथंच माती दिली. माणसं पुष्कळ जमली होती. दहा कशाला, अंगण भरलं होतं. क्लबातले सगळे आले. तिला रडू आवरेना आणि शरद तिला समजावत राहिला, "रडू नको गो पोरी, रडू नको." फोन ठेवल्यावर तो पडवीत गेला आणि पुन्हा आढ्याला टांगलेल्या विमानाखाली उभा राहिला. समजवायला घरात कुणी नव्हतं.

त्यानंतर शनिवार आले आणि गेले. त्याने ठरवून काही केलं नाही. पहिल्या शनिवारी वायर लावायची राहिली, दुसऱ्या शनिवारी हात गेला नाही, मग पाऊस लागला. गणपती झाले. एका सकाळी ऊन पडलं म्हणून कपडे वाळत घालताना त्याला पेटीची आठवण झाली. काढून बटण दाबलं. काटा पडलेलाच राहिला. झाकण उघडलं, तर तीच हिरवी भुकटी.

त्याने व्हिनेगर आणि कापूस आणला. मेलेले सेल काढून बाजूला ठेवले आणि पेटीच्या आतला एकेक पत्रा घासून पुसला, सावकाश, कोपऱ्यातलासुद्धा. मग सेल पिशवीत घालून तो साहिलकडे गेला. साहिल असल्या बॅटऱ्या वेगळ्या जमवून पनवेलला पाठवायचा.

"नवीन बसवू का, मास्तर?" साहिलने विचारलं. "मागवले की दोन दिवसांत येतात."

शरद बराच वेळ काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती.

"नको," तो म्हणाला. "आता नको."

"आणि पेटी?"

"पेटी राहू दे घरात. ती काही मागत नाही."

तो बाहेर पडला. रोह्याची गाडी स्टँडवर लागत होती, माणसं जागा धरायला धावत होती. शरद गर्दी पांगेपर्यंत कडेला थांबला आणि मग रस्ता ओलांडून घराकडे गेला.